मास्तरचा पट्टा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण साधं आहे, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावरही बोटं नीट वळायला दिवाळी उजाडली. आता लिहिता येतंय, तेव्हा आधी हात कसा मोडला तेच सांगते. नातेवाइकांपैकी निम्म्यांना ही हकीगत फोनवर कळलेली आहे, पण ती आमच्या धाकट्याच्या तोंडून. त्यात माझी बाजू आलेली नाही. मास्तरची तर अजिबातच नाही.

मास्तर म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. २०२० च्या टाळेबंदीत यांनी दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणलं आणि "घरात एक बाई आहेतच, आता एक मास्तर हवेत," असं म्हणून त्याचं नाव ठेवलं. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बायकोची ही थट्टा! हे त्याला अहो-जाहो करत. "मास्तर, जेवून घ्या", "मास्तर, निघायचं का?" मी मात्र पहिल्यापासून अरे-तुरेच.

२०२३ च्या डिसेंबरात हे गेले. मास्तर राहिला. त्याचं वजन चौतीस किलो, माझं एक्कावन्न. त्यातून त्याला चार पाय आणि मला दोन गुडघे, तेही दुखरे. पुढे काय होणार ते गणित न शिकवणाऱ्या बाईलाही कळायला हवं होतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या साताऱ्यात सपाट रस्ता शोधावाच लागतो, आणि श्रावणात त्यावर शेवाळ. सकाळी मास्तरला घेऊन उतारावरून येत होते. दोरी हातातून सुटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे घेतले होते. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) समोरून मांजर गेलं. मास्तर मांजरामागे गेला, दोरी मास्तरमागे आणि मी दोरीमागे. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पुण्याहून धाकटा आला. आधी घाबरला, मग चिडला. "आई, तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस. एक तर ह्याला कुणाला तरी देऊन टाकू, नाहीतर हे घाल त्याच्या गळ्यात." असं म्हणून त्याने एक खोका टेबलावर ठेवला. त्यात विजेचा पट्टा होता. पट्ट्यावर लहान डबी, डबीला आतल्या बाजूने धातूची दोन टोकं, आणि सोबत रिमोट. "तुला फक्त बटण दाबायचंय. ओढलं की दाबायचं. चार दिवसांत सरळ होईल."

मी त्याला उडवून लावलं नाही. तो माझ्या काळजीपोटीच बोलत होता, आणि कुत्रा कुणाला देऊन टाकायचा हे तर मला बटणापेक्षाही नको होतं. यांच्या मागे घरात पावलांचा आवाज करणारं तेवढं एकच होतं. तेव्हा त्याला म्हटलं, "मला प्लास्टर निघेपर्यंत वेळ दे. अभ्यास करते आणि मग सांगते." तोवर शेजारचा कॉलेजातला मुलगा मास्तरला फिरवून आणायला कबूल झाला.

माझं माहेर शेतकऱ्याचं. जनावराला धरायच्या वस्तूंना आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा. गोठ्यात बांधायचं ते दावं, बैलाच्या नाकात वेसण, तोंडाभोवती मोरकी, हातात कासरा, पिकाला तोंड लावू नये म्हणून मुसकं, घोड्याला लगाम. उधळ्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवत, ते लोढणं. कुत्र्यासाठी मात्र वेगळा शब्दच नाही, कारण आमच्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात काही नसायचंच. घरातल्या दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्रीसुद्धा मोकळीच आहेत. पट्टा आला तो शहरातल्या रस्त्यावर कुत्र्याबरोबर चालायची वेळ आली तेव्हा. तिथे तो हवाच. वाहनांच्या गर्दीत कुत्रं मोकळं सोडणं हे काही प्रेम नव्हे.

तर अभ्यास. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मी पेट शॉपमध्ये गेले, आणि नंतर मास्तरला व त्या शेजारच्या मुलाला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढ्या दिसल्या, पण शिकवण्याची हातोटी अशी की शाळेत असत्या तर मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले असते. त्यांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं, जमेल तसं मांडते.

पहिला साधा पट्टा. कापडी, नायलॉनचा किंवा चामड्याचा. नाव-पत्ता लावायला हा उत्तम. टेपने मानेचा घेर मोजून घ्यावा. घातल्यावर पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. सरकत नसतील तर घट्ट, आणि डोक्यावरून निघून येत असेल तर सैल. पिल्लाची मान दर आठवड्याला वाढते, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून बघायची. पट्टा तसाच राहून मानेच्या कातडीत रुतलेली कुत्री दवाखान्यात येतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पावसाळ्यात चामडं ओलं राहतं, खाली त्वचा सडते, आणि गोचिडांना लपायला त्याहून सोयीची जागा नाही. घरी आल्यावर पट्टा काढावा, वाळवावा, मान पुसावी. दोन कुत्री खेळत असतील तेव्हाही काढावा, एकाचा दात दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला तर दोघेही घाबरून ओढतात आणि गळफास बसतो.

दुसरी चोक चेन, ओढली की आवळणारी साखळी. दुकानदाराने मला आधी हीच दाखवली. मोठ्या कुत्र्याला हीच लागते म्हणाला. ती घालायचीही एक दिशा असते. डावीकडे चालणाऱ्या कुत्र्याच्या समोर उभं राहिलं तर ती इंग्रजी पी अक्षरासारखी दिसली पाहिजे. उलटी घातली तर आवळते पण सुटत नाही. आणि ती घालून कुत्र्याला एकटं सोडायचं किंवा बांधून ठेवायचं तर नावच काढायचं नाही. सुलटी घातली तरी दाब पडतो तो श्वासनळीवरच. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनळी मुळात नाजूक, आणि पगसारख्या बसक्या नाकाच्यांना आधीच श्वास कमी. गळ्यावर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो, म्हणजे काचबिंदू असलेल्या कुत्र्याला तर हे मुळीच नको.

तिसरा काट्यांचा पट्टा. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात हे मी वाचलेलं होतं. बिबट्याने गळा धरू नये म्हणून. त्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात. दुकानातल्या पट्ट्याचे काटे आतल्या बाजूला होते. वस्तू तीच, फक्त काट्यांनी तोंड फिरवलेलं. मी तो हातात घेतला आणि परत ठेवला.

तोंडावरून घालायचा एक प्रकार असतो, हेड हॉल्टर. ती चक्क बैलाची मोरकी! त्याने जोर लागत नाही, पण झटका दिला तर मान मुरगळते, आणि सवय व्हायला दिवस लागतात. मास्तरने ती पहिल्याच मिनिटात पंजाने काढून टाकली.

आता विजेचा पट्टा. त्याची सूचनापत्रिका मी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचली. धाकट्याने ती उघडलेलीही नव्हती. ती दोन टोकं केसांतून आत जाऊन कातडीला टेकावी लागतात, म्हणून हा पट्टा घट्ट बसवतात. फार वेळ ठेवला तर त्या दोन ठिकाणी जखमा होतात, म्हणून काही तासांनी काढायचा, जागा बदलायची. त्याला फिरवायची दोरी अडकवायची नाही, कारण ओढ बसली की टोकं रुततात. भुंकलं की आपोआप झटका देणारेही पट्टे मिळतात. शेजारचं कुत्रं भुंकलं आणि यंत्राला ते आपलंच वाटलं तर शिक्षा कुणाला? वेल्समध्ये २०१० पासून विजेच्या पट्ट्यांना बंदी आहे. आपल्याकडे १९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी आहे, कुत्र्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. हे मला ह्या वयात कळलं.

एका रात्री मास्तर झोपल्यावर मी ती दोन टोकं माझ्या डाव्या तळहातावर टेकवली आणि प्लास्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या बोटांनी बटण दाबलं. (पेसमेकर असलेल्यांनी असला वेडेपणा करू नये.) सगळ्यात खालच्या पातळीवर मुंगी आल्यासारखं झालं. आकडा वाढवत गेले. मधल्या पातळीला पोचले आणि हात आपोआप झटकला गेला, डबी खाली पडली. मास्तर उठून आला आणि माझा हात हुंगू लागला.

तळहातच का पुढे केला, हे मला आधी कळलं नाही. नंतर कळलं.

मी छडी वापरत असे. फार नाही, असं मी स्वतःला सांगत आले, पण वापरत असे. तेव्हा सगळेच वापरत. पालक स्वतः येऊन सांगत, "बाई, हाडं आमची, बाकी तुमचं." १९८० च्या सुमाराला आठवीच्या वर्गात एका मुलाने समासाचा गृहपाठ सलग तीन दिवस केला नव्हता. मी त्याच्या तळहातावर दोन छड्या दिल्या. चौथ्या दिवशी त्याने गृहपाठ करून आणला. मला वाटलं, उपाय लागू पडला.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. केस पिकलेले, स्वभाव मोकळा. वाकून नमस्कार केला आणि बायकोला म्हणाला, "ह्या आमच्या बाई. अजून समास हा शब्द ऐकला ना, की तळहात झोंबतो बघ!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. गृहपाठ वेळेवर करावा हे मला शिकवायचं होतं. तो शिकला ते वेगळंच. समास म्हणजे दुखणं. ज्या विषयावर माझं आयुष्यभर प्रेम, तो मी त्याच्या हातावर असा लिहिला.

बी.एड.ला आम्हांला पाव्हलॉव्हचा कुत्रा होता. त्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, पण आम्हा शिक्षकांना तो ठाऊक कुत्र्यांमुळे. अन्नाच्या आधी ठरावीक आवाज केला की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टींची मनात गाठ बसते. हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते, वर्गात मात्र वापरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तेच मला पुन्हा शिकवलं. "काकू, त्याने ओढलं म्हणून तुम्ही बटण दाबाल. पण त्या क्षणी तो बघत असेल समोरच्या शाळेतल्या मुलाकडे. त्याच्या मनात गाठ ओढण्याशी बसेल की मुलाशी, हे तुमच्या हातात नाही. उद्या तो मुलं दिसली की गुरगुरायला लागला तर?"

मी २००९ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई झाली. तो लागू व्हायच्या आत मी सुटले, असं तेव्हा गमतीने म्हणत असे. आता म्हणत नाही.

मग ठरलं काय? छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणि तोही पुढे छातीवर कडी असलेला. पाठीवर कडी असेल तर कुत्र्याला आणखी जोमाने ओढता येतं, गाडीच्या बैलासारखं. पुढे कडी असली की ओढल्यावर तो आपल्याकडेच वळतो, गळ्यावर काही येत नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, इथेही दोन बोटांचा नियम, आणि बगलेत घासत नाही ना ते रोज बघायचं. दोरी पाच-सहा फुटांची. गुंडाळी होणारी लांबलचक दोरी आमच्यासारख्यांनी घेऊ नये. आणि दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. तळहातात घडी करून धरायची, म्हणजे अगदीच वेळ आली तर सोडता येते. माझं हाड मास्तरने मोडलं नाही, त्या दोन वेढ्यांनी मोडलं.

पण पट्टा शिकवत नाही हो. पट्टा फक्त धरून ठेवतो. शिकवायचं ते असं की दोरी ताणली की आपण झाडासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही. सैल झाली की चालायचं. आणि तो आपल्या गुडघ्याजवळ चालत असेल तेव्हा त्याच क्षणी खिशातून काहीतरी द्यायचं. भाकरीचा तुकडा, उकडलेलं गाजर, पनीर. (द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट नाही, ते कुत्र्यांना विषारी.)

खिसा म्हणाल तर साडीला कुठला? म्हणून यांचं जुनं जाकीट काढलं. अंगणात पहिला धडा सुरू केला, दोरी डाव्या हातात. मी जाकीट घातलं मात्र, मास्तर येऊन माझ्या डाव्या बाजूला बसला. न सांगता. नाक बरोबर खिशाच्या उंचीवर. मी एक पाऊल टाकलं, त्याने एक टाकलं. खिशात हात घातला तर तळाशी बिस्किटाचा जुना चुरा.

तो चुरा मला नवीन नव्हता. यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आणि जाकिटाच्या खिशात तो निघायचा. यांना मधुमेह होता. धुणं भिजवताना चुरा हाताला लागला की मी कडाकडा भांडायचे. "चोरून बिस्किटं खाता, साखर वाढली की निस्तरायचं कुणी?" हे हसून एवढंच म्हणत, "मी नाही खाल्ली हो." मी कधी विश्वास ठेवला नाही. गुडघ्यांमुळे मी त्यांच्याबरोबर फिरायला जात नसे, त्यामुळे मास्तर त्यांच्याशेजारी इतका शहाण्यासारखा का चालतो हे मी कधी पाहिलंच नाही. मला वाटे, पुरुषाच्या हाताला जोर असतो.

त्या दिवशी धडा तिथेच संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र नियमाने दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. आधी अंगण, मग गल्ली, प्लास्टर निघाल्यावर मोठा रस्ता. दसऱ्यापर्यंत बरीच प्रगती होती. दिवाळीला धाकटा आला तेव्हा खोका तसाच टेबलावर होता. म्हणाला, "वापरला नाहीस?" मी म्हटलं, "वापरला. एकदा. माझ्यावर." आणि त्याला आमच्याबरोबर फिरायला नेलं. येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांचं जाकीट घालतेस होय." एवढंच. कुत्रा देऊन टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सगळं छान झालंय असं सांगणार नाही. मांजर दिसलं की मास्तरचा अभ्यास अजून कच्चा आहे. पावसात आणि उतारावर मी त्याला नेत नाही, त्या दिवशी शेजारचा मुलगा नेतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपली ताकद ओळखून वागावं, हाही सुरक्षिततेचाच भाग. बिस्किटांऐवजी आता भाकरी असते, कारण मास्तरचंही वजन वाढलं होतं. त्या बिस्किटांनी साखर वाढली नसेल, वजन मात्र वाढलं! यांना सांगायला हवं होतं.

असो. खूप लिहिलं, हात दुखायला लागला. तुमच्या घरी कुत्रं असेल तर एक करा. वाचून झालं की उठा आणि त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा.